खालची खूण

कोल्ड फोर्क गावात पेट्रोल पंप एकच आणि त्यावर बटणं तीन. पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी, एक्क्याण्णव, हे पेट्रोलचे ऑक्टेन नंबर. गावातला माणूस डोळे झाकून पहिलं दाबतो. तिसरं दाबतात ते उन्हाळ्यात डोंगर बघायला आलेले पाहुणे, आणि ते दाबत असताना पंपावरची झाडून सारी माणसं त्यांच्याकडे बघत राहतात. "पिकअपला साय चारतायत," असं ऑरिन स्टॉडर्ड म्हणायचा. हा विनोद तो अडतीस वर्षं करत होता आणि त्याची बायको आर्लेटा अडतीस वर्षं तो ऐकत होती.

त्याचं चुकत होतं असं मात्र नाही. सात हजार फुटांवर हवाच इतकी विरळ, की इंजिनाच्या पोटात ती दाबून दाबून दाबणार तरी किती? तिथे हलक्या नंबरचं पेट्रोलही गुमान आपल्या वेळेवर पेटतं. मोठ्या नंबरच्या पेट्रोलात ताकद जास्त असते हा लोकांचा गैरसमज. ते फक्त जास्त दम धरतं, दाब वाढला तरी ठिणगी पडायच्या आत भडकत नाही. जिथे दाबच नाही तिथे दम धरून करायचंय काय? ऑरिन हे कुणालाही समजावून सांगायचा, त्याने विचारलेलं नसलं तरी.

तो काउंटीच्या रस्ता-खात्यात मेकॅनिक होता. हिवाळ्यात बर्फ उपसणारी यंत्रं चालू ठेवायची आणि उरलेल्या वेळात गावाच्या गाड्या. खालच्या मुलखातून कुणी पिकअप विकत घेऊन वर आलं, की ती आधी ऑरिनच्या दारात यायची. तो बॉनेट उघडायचा, ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर ज्या बोल्टने बसवलेला असतो तो ढिला करायचा, आणि डिस्ट्रिब्युटर कणभर फिरवून ठिणगी जराशी लवकर पडेल असं करायचा. मग विरळ हवेतही गाडी चढ ओढायची. फिरवून झालं की तो छिन्नीने तिथे एक रेघ मारायचा. कारखान्यातून आलेली ती खालची खूण आणि ऑरिनने मारलेली ती वरची. सगळं गाव असंच म्हणायचं. हल्लीच्या गाड्यांमध्ये हे काम कॉम्प्युटर करतो, पण त्यांना ऑरिन गाड्यांत धरतच नसे.

कुणी चार दिवस खाली जाऊन यायचं असेल तर तो वरच्या खुणेवरच जायचा, गाडी थोडी कुरकुरली तरी चालवून घ्यायचा. कायमचं गाव सोडणारा मात्र आदल्या दिवशी ऑरिनकडे येऊन गाडी खालच्या खुणेवर लावून घ्यायचा. त्या कामाचे ऑरिन पैसे घेत नसे. बोल्ट आवळायचा, फडक्याला हात पुसायचा, आणि मग त्या माणसाचा हात हातात घ्यायचा. कोल्ड फोर्कमध्ये निरोप असाच दिला जाई.

ऑगस्टातल्या त्या सकाळी पंपावर ऑरिनची स्वतःची पिकअप उभी होती, मागे घरच्या सामानाने भरलेला ट्रेलर होता, आणि आदल्या दिवशी ऑरिनने बॉनेटला हातही लावला नव्हता. आर्लेटाच्या डोक्यात सकाळपासून एवढी एकच गोष्ट बसून राहिली होती.

ऑरिनच्या फुप्फुसांनी तीन वर्षांपूर्वीच राम म्हणायला सुरुवात केली होती. मे महिन्यात डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, या उंचीवर पुढचा हिवाळा निघायचा नाही, यांना खाली न्या, दाट हवेत. आर्लेटाची बहीण बर्नीस नेब्रास्कात मक्याच्या शेतांमध्ये राहायची आणि तिच्याकडे एक खोली रिकामी होती. यावर ऑरिन महिनाभर काही बोललाच नाही, दुसरा महिना नाही म्हणाला, आणि तिसऱ्या महिन्यात हो म्हणाला तो अट घालून. जायचं ते आपल्या पिकअपने. तिला खालची हवा मानवली तर मलाही मानवेल. नाही मानवली तर आहे तिथून वळवायची. घर विकायचं नाही, किल्ली पंपवाल्या हर्शेलकडे ठेवायची. तो गाढवावर बसून येतो म्हणाला असता तरी आर्लेटा हो म्हणाली असती. तिला तो जिवंत हवा होता, बाकी सगळ्याला ती थकली होती.

"दोन्ही टाक्यांत पंच्याऐंशीच?" हर्शेलने पेट्रोलची नळी हातात धरून विचारलं. जुन्या पिकअपला टाक्या दोन होत्या, एक पुढे, एक मागे.

"मग काय, तुझ्या बायकोचा मुरंबा घालू?"

"अरे, पण खाली चाललायस. ट्रेलर ओढत, या उन्हाचं. पुढच्या टाकीत तरी मोठ्या नंबरचं घाल."

"हर्शेल, या गाडीने," ऑरिन म्हणाला आणि त्याने श्वास घेतला. "अडतीस वर्षांत," पुन्हा श्वास. "दुसरं काही तोंडाला लावलेलं नाही."

हल्ली त्याचं प्रत्येक वाक्य असं तीन हप्त्यांत यायचं. ऑक्सिजनचं नळकांडं मांडीशी, नळी नाकात, आणि बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा. ते बोट त्याने हर्शेलसमोर धरलं. त्यावर आकडा होता पंच्याऐंशी.

"बघ. मी पण... त्याच नंबरवर चाललोय. चालतोय ना?"

हर्शेलने आर्लेटाकडे पाहिलं. दोघंही हसले नाहीत. हर्शेलने दोन्ही टाक्या भरल्या, झाकणं लावली, खिशातल्या रुमालाने हात पुसले आणि खिडकीतून हात आत केला.

"हे काय काढलंस?" ऑरिनने तो हात बघितला पण धरला नाही. "थंडी पडायच्या आत... परत येतोय मी. किल्ली हरवू नकोस म्हणजे झालं."

हर्शेलचा हात जरा वेळ तसाच राहिला आणि मग तो खिडकीच्या काचेवरची धूळ पुसू लागला. आर्लेटाने गिअर टाकला.

गाडी तीच चालवत होती. बावीस वर्षं तिने गावची शाळेची बस चालवली होती, तिला ट्रेलरचं काही वाटत नव्हतं. पण महिनाभर ती एकटीच सामान बांधत होती आणि पाठ आता बसल्या जागी ओरडत होती. खोकी, चादरी, ऑरिनच्या हत्यारांच्या तीन पेट्या, त्यातली एकही तो ठेवून यायला तयार नव्हता. या गडबडीत तिच्या स्वतःच्या चार गोष्टी कुठे गेल्या त्याचा पत्ता नव्हता. लाल नेलपॉलिशची बाटली तर तिने आठवडाभर शोधली. बर्नीस आधी माणसाचे हात बघते, लहानपणापासूनची सवय, आणि हे हात खोकी बांधून भांडीवालीसारखे झाले होते. ऑरिनला विचारलं तर म्हणाला, मला काय विचारतेस, मी लावतो काय?

खिंड ओलांडली आणि रस्ता उतरू लागला. शायन शहर मागे पडलं, डोंगर आरशात बुटके होत गेले. ऑरिन त्या आरशाकडेच बघत होता. दुपार होईतो नेब्रास्काची हद्द लागली आणि तिथल्या सिडनी नावाच्या गावापुढे कुठेतरी पुढची टाकी संपली, तेव्हा आर्लेटाने डॅशबोर्डवरचं बटण दाबून मागची सुरू केली. समोरून वारा होता, गरम, भट्टीचं दार उघडल्यासारखा. वर कोल्ड फोर्कला लोक या वेळी स्वेटर घालून बसलेले असतील.

मग एका छोट्या चढावर तो आवाज आला. पत्र्याच्या डब्यात हरभरे घालून हलवावेत तसा. चढ संपला, आवाज थांबला. पुढच्या चढाला पुन्हा आला, या वेळी जास्त.

आर्लेटाने पाय हलका केला. ऑरिन डोळे मिटून बसला होता, पण तो झोपलेला नाही हे तिला माहीत होतं. आयुष्यभर इंजिनं ऐकलेला माणूस या आवाजात झोपणं शक्यच नव्हतं.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"हं."

"तिला नाही आवडत इथलं."

"ट्रेलर आहे मागे. वारा समोरून आहे."

"ट्रेलर खिंडीतही होता." श्वास. "तिथे बोलली का काही? तिथे तर चढ होता. इथे चढ तरी आहे का? इथे जमीन नुसती... आळस देते आणि ही ठोकायला लागते."

आवाज का येतोय हे आर्लेटाला पक्कं ठाऊक होतं. ऑरिनचं तेच व्याख्यान अडतीस वर्षं ऐकून तिलाही पाठ झालं होतं. हवा दाट झाली होती. प्रत्येक झटक्याला इंजिनाच्या पोटात वरच्यापेक्षा कितीतरी जास्त हवा जात होती, दाब चढत होता, आणि पंच्याऐंशीला तेवढा दम धरवत नव्हता. ते ठिणगीची वाट न बघता भडकत होतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडे बसत होते. त्यात ठिणगीही वरच्या खुणेवर, म्हणजे मुळातच लवकर. असंच शंभर मैल चालवलं तर पिस्टनला भोक पडेल. आणि ऑरिनला तरी दुसरं काय हवं होतं? ज्या हवेसाठी त्याला खाली आणला, तीच हवा गाडीला झेपत नव्हती, आणि गाडीला झेपलं नाही तर वळवायची हे तिने कबूल केलं होतं.

"पुढच्या फाट्यावर वळव," ऑरिन म्हणाला.

"पेट्रोल भरते, मग बघू."

"मागची टाकी भरलेली आहे. शायनपर्यंत पुरते. तिथे आपलं पेट्रोल मिळतं."

म्हणजे त्याने हिशेब करून ठेवला होता. कदाचित सकाळीच, हर्शेलच्या पंपावर. आर्लेटाला एकदम राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. तिने दोन्ही गिळलं.

"मला कॉफी हवी," ती म्हणाली. "आणि मला शौचालयात जायचंय. त्याला तर तुझी परवानगी लागत नाही ना?"

ओगलाला गावाच्या अलीकडे महामार्गाला लागून एक मोठा पंप होता, दुकानासकट. आर्लेटा कॉफी ओतून घेत होती तेवढ्यात ऑरिन नळकांड्याची चाकांची पिशवी ओढत गल्ल्यापाशी गेला. गल्ल्यावर विशीतली मुलगी होती, केसांत निळी बट.

"पंच्याऐंशी कुठल्या पंपावर आहे?" त्याने विचारलं.

"पंच्याऐंशी काय, काका?"

"पेट्रोल. पंच्याऐंशी ऑक्टेन."

मुलीने मागे वळून दुसऱ्या कुणाला विचारावं का याचा विचार केला, पण मागे कुणी नव्हतं. "आमच्याकडे सत्त्याऐंशीपासून सुरू होतं. त्याच्या खाली पण असतं? लॉन मोवरसाठी वगैरे का?"

चाळीस वर्षं ज्या पेट्रोलवर त्याच्या गावाने बर्फ उपसला, गुरं हाकली, बाळंतिणी दवाखान्यात नेल्या, ते या पोरीला गवत कापायच्या यंत्राचं वाटत होतं. आर्लेटाला त्याची दया आली. तो पिशवी ओढत शौचालयाकडे गेला. तिथे त्याला दहा मिनिटं लागणार हे तिला माहीत होतं, नळी सोडवणं, बांधणं, सगळ्यालाच आता वेळ लागायचा.

ती कॉफी तिथेच ठेवून बाहेर आली. पुढच्या टाकीचं झाकण उघडलं. इथेही बटणं तीनच होती. तिचं बोट सत्त्याऐंशीवर गेलं, मग एकोणनव्वदवर, आणि मग तिने इकडेतिकडे बघितलं. खरंच बघितलं. शंभर मैलांच्या आत तिला ओळखणारा एकही माणूस तिथे नव्हता, तरी तिचे कान तापले. तिने एक्क्याण्णव दाबलं आणि टाकी काठोकाठ भरली.

ऑरिन येऊन बसला. महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन फाटे होते, डावा पश्चिमेला घरी, उजवा पूर्वेला बर्नीसकडे.

"डावीकडे," ऑरिन म्हणाला.

"पुढे विश्रांतीची जागा आहे, झाडं आहेत. जरा पाठ टेकते, मग वळवू. माझी पाठ गेलीय, ऑरिन." हे खोटं नव्हतं, म्हणून तिला सहज म्हणता आलं. ती उजवीकडे वळली, आणि गाडी वेगात आल्यावर कॉफीचा कप ठेवायच्या निमित्ताने डॅशबोर्डवरचं टाकीचं बटण हळूच पुढे केलं.

ऑरिनचे डोळे मिटलेले होते. एक चढ आला, हरभरे खडखडले. दुसरा आला, तिथेही. नळीत उरलेलं जुनं पेट्रोल संपायला दोनतीन मैल गेले आणि मग तिसऱ्या चढावर आवाज निम्म्याहून कमी झाला.

"साय चारलीस," ऑरिन डोळे न उघडता म्हणाला.

आर्लेटाने नजर रस्त्यावरच ठेवली.

"एक्क्याण्णव घातलंस, मधलंही नाही, सरळ तिसरं बटण, आणि वर मला न सांगता टाकी बदललीस, जसा काही मी बहिरा झालोय, अगं फुप्फुसं गेलीत माझी, कान नाही गेले, आता हे हर्शेलला कळलं तर तो माझ्या मयताला येऊन त्या शवपेटीवर पेट्रोलची नळी ठेवेल आणि म्हणेल याला एक्क्याण्णव द्या रे, सवय झालीय याला पाहुण्यांची, आणि तू तिथे उभी राहून मान डोलावशील, कारण तुला अडतीस वर्षांत एवढं कळलं नाही की गाडी माझी आहे आणि तिच्या पोटात काय जातं ते मी ठरवतो."

आर्लेटा ऐकत राहिली. तो थांबला तेव्हा तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"काय बघतेस? रस्त्याकडे बघ."

"तू मध्ये थांबला नाहीस," ती म्हणाली. "श्वास घ्यायला. एकदाही नाही."

ऑरिनने बोटाचा चिमटा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. आर्लेटालाही तो आकडा दिसला, ब्याण्णव. दोन वर्षांत तिने तिथे नव्वदच्या वर काही पाहिलं नव्हतं.

"यंत्र बिघडलंय," ऑरिन म्हणाला.

"असेल."

आणखी सहासात मैल मागे पडले. चढ आला की इंजिन अजूनही थोडंसं ठोकत होतं, बारीक, दाराच्या कडीसारखं. नुसत्या पेट्रोलने ते पूर्ण जाणार नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

"अजून ठोकतेच आहे," ऑरिन म्हणाला, पण आता त्याच्या आवाजात सकाळचा जोर नव्हता. "ती वरची गाडी आहे. तिला खाली नाही जमायचं."

"ती वरची गाडी नाहीये." आर्लेटाचा आवाज तिलाच परका वाटला, इतका तो चढला होता. "ती कारखान्यातून आली तेव्हा याच हवेसाठी बनून आली होती. तू तिला वर नेलीस आणि खूण बदललीस. मलाही तसंच नेलंस. बावीस वर्षांची होते, याच मक्यातून उचलून नेलंस. पहिलं वर्षभर जिना चढले की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. कपडे वाळत घालताना मी भिंतीला टेकून उभी राहायचे. मला मानवतंय का असं विचारलं होतं कुणी? मला म्हणालं होतं का कुणी, नाही मानवलं तर वळवू?"

"तू कधी बोलली नाहीस."

"बोलायला श्वास होता कुठे?"

ऑरिनने खिडकीबाहेर तोंड केलं. बाहेर मका होता, मग मका, मग पाण्याची एक टाकी, आणि पुन्हा मका. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ती झाडांची जागा कुठाय?"

ती जागा आली. मोठमोठी कॉटनवुडची झाडं, खाली लाकडी टेबलं, एक कुटुंब सँडविच खात बसलेलं. आर्लेटाने गाडी सावलीत लावली आणि खरोखरच टेबलावर आडवी झाली. त्याने वळव म्हटलं असतं तर आता ती वळवणार होती. तिच्यात आणखी भांडण उरलं नव्हतं, दिलेला शब्द तेवढा उरला होता. तिने डोळे मिटले आणि झाडाची पानं वाजताना ऐकली. लहानपणी बर्नीस आणि ती याच आवाजाखाली झोपायच्या.

अर्ध्या तासाने बॉनेट उघडल्याचा आवाज आला. ती उठून बसली.

ऑरिन बंपरला टेकून उभा होता, नळकांडं पायाशी. त्याने एका हाताने बॉनेट वर उचलून आधाराची सळई लावली होती. हे त्याने शेवटचं कधी केलं होतं ते तिला आठवेना.

"निवलंय," तो म्हणाला. "सीटच्या मागची पेटी आण. छोटा वाकडा पाना आहे बघ."

तिने पाना आणून दिला. तो वाकला, हात आत घातला, पण हात थरथरत होता आणि पाना बोल्टवर बसेना. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्याने पाना बाहेर काढला आणि तिच्या हातात दिला.

"तू कर. मी सांगतो."

आर्लेटा वाकली. चाळीस वर्षांच्या तेलाने आत सगळं काळं झालं होतं. "बोल्ट दिसतोय. हा ढिला करू?"

"अर्धा फेरा. जास्त नको. आता डिस्ट्रिब्युटरचा डबा दोन्ही हातांनी धर आणि हळू, एकदम हळू, स्वतःकडे फिरव. खालच्या खुणेवर आण."

"कुठाय खूण? मला काही दिसत नाही या काळ्यात."

"दिसेल."

तिने मान आणखी आत घातली. आधी तिला ऑरिनची रेघ दिसली, छिन्नीने मारलेली, तेलाने बुजलेली. तिच्यापासून नखभर अंतरावर कुणीतरी फडक्याने तेल पुसून एक रुपयाएवढी जागा लख्ख केली होती, आणि त्या जागेच्या मधोमध, कारखान्याच्या खुणेवरून, बारीक ब्रशने, हात अजिबात न हलू देता ओढलेली एक लाल रेघ होती. तो लाल रंग ती ओळखत होती. बर्नीसच्या मुलीच्या लग्नासाठी तिने तो घेतला होता.

ती तशीच वाकून राहिली. पाठ दुखत होती तरी तिला सरळ व्हावंसं वाटेना.

"बाटली कुठाय?" तिने विचारलं.

"पेटीच्या तळाला. चिंधीत गुंडाळलीय. सांडली नाही."

"हे केव्हा केलंस?"

"डॉक्टरकडून आलो त्याच दिवशी. तू बर्नीसला फोन करत होतीस."

तो मे महिना होता. त्यानंतर महिनाभर तो बोलला नव्हता आणि आणखी महिनाभर नाही म्हणत होता. तेवढा सगळा काळ ही रेघ इथे, बॉनेटच्या आत, अंधारात होती.

"मग घरीच का नाही फिरवलंस? काल? पंपावर? मला दिवसभर जाळलंस, ऑरिन. मी सकाळपासून मरतेय इथे."

नळकांड्याचा बारीक फुसफुस आवाज येत राहिला.

"किती वेळा बॉनेट उघडलं," तो म्हणाला. "पाना पण लावला दोनदा. पण तिथे ते काम मी करायचो, आर्लेटा. दुसऱ्यांसाठी. हर्शेलने हात पुढे केला सकाळी, तर..." या वेळी तो थांबला तो श्वासासाठी नाही. "तो समोरचा डोंगर दिसतोय तोवर नसतं जमलं मला. मग म्हटलं, गाडीलाच बोलू दे. ती ठोकेल हे मला माहीतच होतं. फक्त मी वळवतो की फिरवतो ते मला माहीत नव्हतं."

आर्लेटाने डबा दोन्ही हातांनी धरला आणि हळू, एकदम हळू, स्वतःकडे फिरवला. डब्याच्या कडेवरची छोटी काळी रेघ ऑरिनच्या रेघेपासून सरकत सरकत लाल रेघेला येऊन मिळाली.

"आली," ती म्हणाली.

"जरा चालू कर."

तिने आत जाऊन किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, सकाळपेक्षा खालच्या सुरात. ऑरिन डोकं एका बाजूला कलवून ऐकत होता. त्याने हाताने खूण केली, तिने पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"थोडी सुस्त वाटेल," तो म्हणाला. "खाली सगळंच सुस्त असतं. पण ठोकायची नाही. कार्बोरेटरचं बर्नीसच्या अंगणात बघू, त्याला दोन दिवस लागतील."

तिने गाडी बंद केली आणि पुन्हा बॉनेटखाली वाकली.

"बोल्ट किती आवळू? नंतर परत कधी..."

"पक्का आवळ," ऑरिन म्हणाला.

तिने पक्का आवळला, पाना पेटीत टाकला, आणि पेटीतलं फडकं काढून आपले हात पुसले, नखांच्या कडांतलं काळं निघेना तरी पुसत राहिली. मग तिने आपला उजवा हात त्याच्यापुढे धरला.

ऑरिनने त्या हाताकडे पाहिलं. त्याचे स्वतःचे हात स्वच्छच होते. तरी त्याने तिच्याकडून फडकं घेतलं, एकेक बोट नीट पुसलं, आणि मग तिचा हात हातात घेतला.